उशिरा ऐकू येणारी खोली

१

माझी लेक ढबी दुपारी झोपली की मी तिच्या खोलीचं दार ओढून घेते, पलीकडच्या खोलीत जाऊन बसते आणि ती श्वास घेतेय ना, ते ऐकत राहते. या कामाचा मला पगार मिळतो. नवऱ्याला हा विनोद वाटतो. "बाकीच्या आया हे फुकट करतात," म्हणतो.

आमची कंपनी बाळावर कान ठेवणारी यंत्रं बनवते. त्यात दोन डबे असतात. एक पाळण्याशेजारी, एक आईजवळ. माझ्या सासूबाई, माई, मदतीला म्हणून आल्या त्या दिवशीच त्यांनी एकाला 'सांगणारा' आणि दुसऱ्याला 'ऐकवणारा' अशी नावं ठेवली. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सांगणाऱ्याकडून ऐकवणाऱ्याकडे जाताना आवाज हवेत खराब होतो. मध्ये भिंती, शेजाऱ्यांचं वायफाय, आमचाच मायक्रोवेव्ह. म्हणून पाठवतानाच आवाजासोबत थोडे जादा बिट जोडायचे, आणि त्यांच्या आधारे पलीकडच्या डीकोडरनं चुका शोधून दुरुस्त करायच्या. जादा बिटांचं प्रमाण ठरलेलं असतं. पण एका वेळी केवढा तुकडा बांधून पाठवायचा, म्हणजे कोडची लांबी किती, ते ठरवायचं काम माझं.

"लांबीनं काय फरक पडतो?" माईंनी भाजी निवडता निवडता विचारलं होतं.

"तुम्हाला फोनवर एकच शब्द सांगितला आणि तो खरखरीत बुडाला, तर गेला ना? पण अख्खी हकीकत सांगितली आणि मधले चार शब्द बुडाले, तरी तुम्हाला कळतंच."

"म्हणजे बाई जितकं पाल्हाळ लावेल तितकं खरं कळेल, म्हण की."

"हो. पण हकीकत संपेपर्यंत थांबावं लागतं. लांब कोड म्हणजे उशीर आलाच. ती रडली की मला जरा वेळानं कळणार."

"तोवर ती रडून, गप्प होऊन, कॉलेजला गेलेली असायची," दारातून नवरा म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. ढबीही हसली, कारण ती कशालाही हसते. तिचं बोलणं नुकतंच फुटत होतं. पंख्याला 'फा', दुधाला 'मम', बापाला चक्क 'बाबा'. मला मात्र काहीच नाही. मला बघितलं की नुसते हात वर करायची. तसं मी कुठे मनाला लावून घेत होते! फक्त रोज आरशासमोर तिला धरून 'आई' हा शब्द ओठ हलवून दाखवायची, तेवढंच.

२

छोटा कोड आमच्या घरात टिकत नव्हता. श्वास, खर्र, श्वास, खर्र. ऐकवणाऱ्या डब्यावर एक दिवा असतो. डीकोडरच्या सगळ्या तपासण्या एकमेकींशी जुळल्या की हिरवा. जुळल्या नाहीत की लाल, आणि नुसती खरखर. छोट्या कोडला तो दिवा फुलबाजीसारखा नाचायचा.

त्या दुपारी मी पहिल्यांदा लांब कोड लावला आणि दिवा हिरवा झाला तो हललाच नाही.

आवाज इतका स्वच्छ आला की मी हातातला चहा खाली ठेवला. चादरीची सळसळ. ओठांचा मचमच आवाज. ढबीचे श्वास, छोटे छोटे, सर्दीमुळे शेवटी किंचित शिट्टी वाजणारे. माझं काम झालं होतं. मी खुर्चीत मागे रेलले. बऱ्याच महिन्यांत अशी रेलले नव्हते.

मग मला ते ऐकू आलं. ढबीच्या श्वासांच्या मागे आणखी एक श्वास होता. लांब, संथ, मोठ्या माणसाचा. तिचे दोन-तीन श्वास होईपर्यंत त्याचा एक.

मी गेले. पळत नाही गेले, म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं. खोलीत ढबी कुशीवर झोपलेली. कपाट बंद. खिडकी बंद. पंखा हळू फिरत होता आणि पंख्यालाही एक लय असते. लांब, संथ. मी पंख्याखाली उभी राहून त्याच्याकडे एखाद्या गुन्हेगाराकडे पाहावं तसं पाहिलं, मग तो बंद केला आणि परत येऊन बसले.

श्वास चालूच होता.

आता इथे शिकलेल्या बाईनं काय करावं? मी विचार केला. डीकोडरला 'माहीत नाही' म्हणणं फारसं जमत नाही. त्याला जे खराब झालेलं मिळतं, त्याच्या सगळ्यात जवळचं जे शुद्ध रूप असेल, ते तो काढून देतो. कधीतरी खरखरीलाच जवळचं काहीतरी सापडत असेल. श्वास हा काय, एक प्रकारची खरखरच. म्हणजे ही चूक होती, आणि चुकांवर मला औषध माहीत होतं. लांबी वाढवायची.

हे औषध मला सुचलं, याचाच तेव्हा मला अभिमान वाटला होता.

३

लांबी वाढवण्याआधी मी ऑफिसात गुरुजींना फोन लावला. ते आमच्यातले सगळ्यात जुने. कुणालाही काहीही समजावून सांगायची त्यांना खोड, म्हणून गुरुजी.

"हिरवा दिवा असूनही डीकोडर भलतंच काढून देऊ शकतो ना?"

"छोट्या कोडात सर्रास. लांब कोडात? बाई, त्यापेक्षा तुझ्या स्वयंपाकघरात हत्ती शिरण्याची शक्यता जास्त. आपण ती शून्यच धरतो."

"आणि शिरला तर?"

"ऐकू येईल की! भांडी पडतील." ते हसले. मग विचारलं, "काय ऐकलंस?"

"काही नाही. शेजाऱ्यांकडे असाच संच असेल आणि तो मध्ये येत असेल, असं वाटलं."

"अजून बाजारात कुठाय तो? तुझ्या घरची जोडी सोडली तर बाकी सगळ्या माझ्या कपाटात आहेत. झोप होतेय ना तुझी?"

जगात आईला विचारला जाणारा हा एकच प्रश्न आहे. होते म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही आणि नाही म्हटलं तर सगळ्या गोष्टींचं उत्तर तेच ठरतं.

"लांबी वाढवून बघ," गुरुजी म्हणाले. "चूक असेल तर गळून जाईल. खरं असेल तेवढंच उरेल. लांबीचा गुण तोच."

मी वाढवली. उशीरही वाढला. आता मी इकडे जे ऐकत होते, ते तिकडे होऊन गेलेलं असायचं. वाटीत चमचा पडला तर तो पडून, लोळून, थांबल्यावर मला त्याचा आवाज यायचा. शिळा आवाज.

श्वास गळून गेला नाही. तो जवळ आला. आणि दोन दिवसांनी त्याच्यात सूर आला. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं. चाल ओळखीची वाटत होती, पण ओळखीच्या कुठल्याच गाण्याची नव्हती. स्वर मात्र चोख होते. प्रत्येक सूर जिथे हवा तिथेच.

मी स्वतःची समजूत घातली की हे माझंच काहीतरी डब्यात अडकलंय. पण मी गात नाही. शाळेत समूहगीताला मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. आणि ढबी त्या दिवसांत छान झोपायला लागली होती. रडत उठायची नाही. उठली तरी हाक द्यायची नाही.

"बघ, बाळ रुळलं," नवरा म्हणाला. "तू पण रूळ आता."

४

माईंना मी खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, आवाजाची चाचणी आहे, डब्यापाशी बसा आणि काय ऐकू येतं ते सांगा.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तर."

मी ढबीच्या खोलीत गेले. भर सकाळ होती, भिंतीवर ऊन आलं होतं. ढबी पाळण्यात जागी होती, पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या उद्योगात. मी सांगणाऱ्या डब्याशेजारी उभी राहिले आणि तळहातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं. दातांना बोटं टेकेपर्यंत. माझ्या आवाजाची म्हणून शंका राहायला नको.

खोलीत काही नव्हतं. पाळण्याची करकर, बाहेर कुणीतरी दार आपटलं, बस्स.

थोड्या वेळानं ढबीनं अंगठा सोडला. मान वळवली. मी उजवीकडे होते, ती डावीकडे बघत होती, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्याकडे. कुणी बोलत असलं की ती अशी बघते. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, समोरच्याचे ओठ निरखत. मग ती हसली. मग तिची नजर कोपऱ्यापासून हळूहळू वर सरकत आली, जवळ, अगदी पाळण्यावर, जसं कुणी वाकल्यावर आपण त्याच्या चेहऱ्यामागे डोळे नेतो.

मी तोंडावरचा हात काढला नाही. काढला असता तर किंचाळले असते.

तिला उचलून बाहेर आले. माई डब्यासमोर बसल्या होत्या, चष्मा हातात, डोळे पुसत.

"एवढा गोड गळा," त्या म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं कधी ओळसुद्धा म्हटली नाहीस गं?"

"माई, मी गप्प होते."

"बरं बरं. सासूला कशाला लाजतेस?"

"तोंडावर हात ठेवून उभी होते मी!"

माईंचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे, जिथे माझ्याच बोटांचे वळ उठले असणार. मग हात पुढे केले.

"आण. तिला माझ्याकडे दे जरा."

५

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोलेना, आणि आमच्या घरात कुणी बोलत नाही म्हणजे सगळं आधीच बोलून झालेलं असतं, फक्त माझ्यामागे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं डबे उघडून पाहिले, झाकणं बसवली, मग लांब कोडवर बराच वेळ कान देऊन बसला.

"श्वास आहे. ढबीचा. दुसरं काही नाही."

"आत्ता नाही. पण माईंनी ऐकलं ना!"

"माईंनी तुझं गाणं ऐकलं."

"मी गायले नाही."

"तेच तर," तो फार मऊ आवाजात म्हणाला. त्या मऊपणाची मला भीती वाटली. "हे बघ, लिफ्टमध्ये आवाज येतो म्हणून लोक मला बोलावतात. मी आत बसून खालीवर करतो. बहुतेक वेळा आवाज त्यांच्याच खिशातल्या किल्ल्यांचा असतो. त्यांना पटत नाही. पण असतो."

"आणि ज्या वेळी किल्ल्यांचा नसतो?"

"त्या वेळी मी लिफ्ट बंद ठेवतो. शोधत बसत नाही."

माईंनी ताटात बोट फिरवत सांगून टाकलं. थोडे दिवस त्या ढबीला स्वतःच्या घरी नेणार होत्या. उद्याच. मी झोप काढावी. कुणाला तरी दाखवून घ्यावं. आजकाल किती चांगले डॉक्टर असतात. "तुझ्याच भल्यासाठी, सूनबाई. आपल्याच तोंडून काय निघतंय ते माणसाला कळेना झालं, की बाळापाशी एकटं राहू नये."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. खरं म्हणजे रात्रभर मी तेच म्हणत होते. गात असेन मी. हात तोंडावर होता, ते मला आठवतं, पण आठवण म्हणजे तरी काय? खराब होऊन आलेलं आणि जवळात जवळचं म्हणून शुद्ध करून घेतलेलं.

पण एक तपासणी राहिली होती. मी खोलीत नसताना, ढबी खोलीत नसताना, सांगणाऱ्या डब्याला सांगायला काहीच नसताना, ऐकवणारा काय ऐकवतो? लाल दिवा लागला, खरखर आली, तर दोष माझ्यात. मग मी निमूटपणे ढबीचे कपडे भरून देईन.

माझ्यातच दोष निघावा, असं मला मनापासून वाटत होतं.

६

सकाळी नवरा गाडी आणायला गेला. माई सामान घेऊन खाली उतरल्या. "तिला आंगडं घाल आणि घेऊन ये," म्हणाल्या. जाताना वळून दोनदा पाहिलं.

मी ढबीला कडेवर घेऊन तिच्या खोलीत गेले. सांगणाऱ्या डब्याची बॅटरी काढली. त्याचा बारीक दिवा विझला. डबा तिथेच ठेवला, बॅटरी मुठीत घेतली. निघताना आधारासाठी पाळण्याच्या कठड्याला हात लावला, तर तो एका जागी कोमट होता. कुणी बराच वेळ हात ठेवून उभं राहावं तसा. ऊन येत असेल. ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

दार ओढून घेतलं. पलीकडच्या खोलीत आले, तिथलंही दार लावलं. रांगत बाहेर जाते म्हणून. ढबीला मांडीवर घेतलं आणि कोडची लांबी वाढवली, जेवढी यंत्रात मावते तेवढी. हकीकत जितकी लांब तितकी खरी.

दिवा लाल झाला. खरखर.

मी हसले. मोठ्यानं. ढबीच्या टाळूवर ओठ टेकले आणि तिचं आंगडं हुडकायला वाकले.

खरखर चालूच होती, पण डब्याला जोडलेल्या लॅपटॉपवर डीकोडर थांबला नव्हता. न जुळणाऱ्या तपासण्यांचा आकडा तिथे दिसतो. तो भलामोठा होता, असायलाच हवा होता. पण तो उतरत होता. डीकोडर फेऱ्यांवर फेऱ्या मारत होता, आणि दर फेरीला आणखी काही तपासण्या एकमेकींना होकार देत होत्या. एखाद्या घरात बाईबद्दल एकेकाचं मत जुळत जावं, तसं. आकडा लहान झाला. अगदी लहान झाला. मी मूठ उघडून बघितली. बॅटरी होती.

दिवा हिरवा झाला.

आधी पाळण्याची करकर. मग एक बाळ कण्हलं, झोपेतून उठताना कण्हतं तसं. शेवटी किंचित शिट्टी. माझ्या मांडीवर ढबी स्तब्ध बसली होती, तोंड मिटून. बाळ रडायला लागलं. आणि मग एक बाई म्हणाली,

"आले गं, आले."

आवाज माझा होता. फक्त माझ्यापेक्षा बरा. दमलेला नाही, चिरका नाही, शंका नसलेला. माझ्यातलं जे जे बिघडलंय ते दुरुस्त करून घेतल्यासारखा.

बाळ गप्प झालं. लगेच. माझ्याकडे ढबी इतक्या लगेच कधी गप्प झाली नव्हती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. नवरा असेल. मला उठायचं होतं. डब्यातून आता पावलं येत होती, पाळण्यापासून निघालेली, अनवाणी, सावकाश. खोलीच्या दाराची कडी वाजली. मी डब्याकडे बघत बसले, जणू डोळ्यांनी धरून ठेवलं तर ती पावलं तिथेच थांबतील, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बघतेय. लांबी सगळ्यात मोठी होती. उशीरही सगळ्यात मोठा. डब्यात ती आत्ता खोलीतून बाहेर पडत होती. म्हणजे बाहेर पडून, पुढे येऊन, ती केव्हाच पोचलेली असणार.

मी ढबीला दोन्ही हातांनी आवळलं. ती चुळबुळली. तिनं डब्याकडे पाहिलं नाही. वर माझ्या तोंडाकडेही पाहिलं नाही. माझ्या दंडावरून अंग पुढे झोकून तिनं बंद दाराकडे दोन्ही हात पसरले आणि स्पष्ट, न अडखळता, म्हणाली,

"आई."